कल्हईचा हात

माझ्या टेबलाच्या खणात एक शंभर पानी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर २००९ सालच्या मे महिन्यातल्या नोंदी आहेत. दुपारी दोन, खोली ४१ अंश, बावीस मिनिटं. रात्री अकरा, खोली ३३, एक तास दहा मिनिटं. सकाळी सहा, खोली २८, पावणेदोन तास. अक्षर माझं आहे. वही घालायला लावणारे रेडिओदुरुस्तीवाले चाचा आता नाहीत. त्यांचं देणं पैशात कधीच बसलं नाही, म्हणून ते निदान शब्दांत मांडून ठेवते आहे.

संतपूर हे बीदरहून औरादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. आमचा औराद तालुका म्हैसूर राज्यात राहिला. सोयरिकी आणि बाजारहाट मात्र पूर्वीसारखाच चालू राहिला. आमच्या घरात मराठी, कचेरीत कानडी आणि बाजारात दखनी. लग्नाची पत्रिका मराठीत, तहसीलचा अर्ज कानडीत. त्यामुळे गावात टायपिंग करणाऱ्याला दोन्ही लिप्या याव्या लागतात. मला येत होत्या. त्या बळावरच मी घरात संगणक आणायचं धाडस केलं.

धाडस म्हणते त्याला कारण आहे. बाबांचं शिलाईचं दुकान होतं. २००७ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. वर्षभर वाट पाहून आम्ही त्यांचं शिलाईचं मशीन विकलं. त्यात आईची साठवण घातली आणि एक वापरलेला डेस्कटॉप, त्याचा जाड मॉनिटर आणि एक प्रिंटर घेतला. मराठीसाठी श्रीलिपी, कानडीसाठी नुडी. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, बचत गटाचे ठराव, शेतीच्या कर्जाचे अर्ज अशी कामं येऊ लागली. घरात येणारा प्रत्येक रुपया त्या पेटीतून येत होता.

पुढच्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, पेटी बंद पडायला लागली. आधी तिचा वेग मंदावायचा. मी कळ दाबायची आणि अक्षर पडद्यावर उमटायला दम घ्यायचं. मग एकदम सगळं काळं. पंखाही थांबायचा. लगेच चालू केलं तर पाच मिनिटांतच पुन्हा तेच. एका पत्रिकेतली नावं मी एका दुपारी चार वेळा टाइप केली आहेत.

दुरुस्तीला जे येतील ते आपापला अंदाज सांगून गेले. एकाने व्हायरस सांगितला. दोन वेळा सगळं पुसून नव्याने भरलं. दुसऱ्याने वीजपुरवठ्याची पेटी बदलली. तिसऱ्याने रॅम काढून खोडरबराने घासली आणि परत बसवली. प्रत्येकाला पैसे दिले, आणि त्यांची पाठ फिरली की दुपारी पुन्हा पडदा काळा. आई एकदा हळूच म्हणाली, "मशीन विकायला नको होतं." त्या रात्री मला झोप लागली नाही.

चाचांकडे मी संगणकासाठी गेलेच नव्हते. बाबांचा रेडिओ घेऊन गेले होते. बसस्टँडच्या मागे त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे एक टपरी, पण आत शिरलं की राळेचा आणि कथलाचा वास यायचा. त्यांचे वडील कल्हईवाले. भाता, कोळसे आणि नवसागर घेऊन गावोगाव फिरायचे. चाचांचं बालपण त्या भात्यापाशी गेलं. तरुणपणी ते काही काळ गुलबर्गा जिल्ह्यातल्या एका नातेवाइकाकडे राहिले आणि तिथे त्यांचं आयुष्य वळलं.

ती गोष्ट त्यांनी मला पुष्कळदा सांगितली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात इस्रोने अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून खेड्यांत दूरदर्शन दाखवलं. साइट म्हणून तो प्रयोग ओळखला जातो. देशातल्या सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं त्यात होती, आणि कर्नाटकातले गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे होते. बारीक जाळीची मोठी छत्री आणि सार्वजनिक जागेत ठेवलेला एक संच. चाचा रोज संध्याकाळी गर्दीत बसायचे. पण त्यांचं लक्ष चित्रापेक्षा संच तपासायला येणाऱ्या माणसाकडे असायचं. तो आला की आधी मागचं झाकण काढायचा, कुंचल्याने धूळ झाडायचा, सगळीकडे नजर फिरवायचा आणि त्यानंतरच हत्यार हातात घ्यायचा. "आधी बघणं, मग हात लावणं. मी एवढंच शिकून गावाला आलो," असं चाचा म्हणायचे.

रेडिओ त्यांच्यापुढे ठेवताना माझ्या तोंडून संगणकाचं रडगाणं निघालं. त्यांनी संगणक कधी उघडलेला नव्हता, आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण त्यांनी दोन प्रश्न विचारले. आजवर आलेल्यांपैकी कोणीही ते विचारले नव्हते.

"किती वेळानं बंद पडतो? आणि लगेच चालू केला तर किती वेळ चालतो?"

मी म्हटलं, "नेमकं नाही सांगता येणार."

"मग वही घाल, पोरी. घाई नक्को. आठ दिवस लिही. घड्याळ बघ, खोलीची गरमी बघ. मापाशिवाय आजार कळत नाही."

दवाखान्यातून भिंतीवर टांगायचा तापमापक मिळवला आणि आठ दिवस लिहिलं. आमचं जुनं घर माळवदाचं. आतली खोली बाहेरच्यापेक्षा सात-आठ अंशांनी गार असते. संगणक मात्र पुढच्या पत्र्याच्या खोलीत होता, कारण माळवदातून माती झडते आणि मशीनवर माती नको असं सगळ्यांनी सांगितलं होतं. चाचांनी दोन दिवस तो आतल्या खोलीत ठेवून बघायला सांगितला. बावीस मिनिटांच्या जागी पंचावन्न मिनिटं चालला.

वही पाहून ते म्हणाले, "व्हायरसला दुपार आणि रात्र कळते का? याला कळते. म्हणजे हा तापतोय. थंड झाला की चालतो. थंड व्हायला वेळ दिला नाही की लगेच पडतो. आता कुठं तापतोय ते बघू."

तीन दुरुस्त्यांच्या पैशांनी जे झालं नव्हतं, ते एका वहीने झालं.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. वायर काढायला लावली, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरायला लावलं, म्हणजे उरलासुरला भार निघून जाईल. लोखंडी खिडकीला हात लावून मग आत हात घालायला सांगितलं. आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी गोंधळले. ते म्हणाले, "मशीन तुझं आहे. मी रोज येणार आहे का?"

झाकण निघालं. प्रोसेसरवर पंखा, पंख्याखाली अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा जुडगा. पंखा वरून फिरत असे, पण पात्यांच्या तोंडाशी करड्या नमद्यासारखा थर जमला होता. त्यात धूळ होती आणि सोयाबीनच्या मळणीचा भुसाही होता. आमच्या घरामागे खळं आहे. मळणी यंत्र चाललं की आठवडाभर सगळं घर भुशाने भरतं. तो भुसा पंख्याने आत ओढला होता आणि पात्यांनी अडवून धरला होता. पंखा फिरतोय एवढं बघून सगळे पुढे गेले होते. वारा खाली पोचतोय का, हे कोणी पाहिलं नव्हतं.

रंगाचा नवा कुंचला आणि सायकलचा पंप घेऊन आम्ही तो थर काढला. पंपाचा वारा मारताना पंख्याची पाती बोटाने धरायला लावली, कारण वाऱ्याने तो भलत्या वेगाने फिरला तर आतलं बेअरिंग खराब होतं. मग बायोसच्या पडद्यावर प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा पाहिला. आधी तिथे ९५ दिसायचे, आता ८२. मला वाटलं, काम झालं. चाचा म्हणाले, "खोली किती?" मी म्हटलं, "एक्केचाळीस." "मग अजून दुप्पट आहे. काहीतरी राहिलंय."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी आजही प्रत्येक मशीनवर करते. झाकण लावून आकडा पाहायला लावला, मग काढून. फरक फक्त तीन अंशांचा. म्हणजे पेटीत हवा कोंडलेली नव्हती. मग मशीन वीस मिनिटं चालवून बंद केलं, वायर काढली आणि लगेच मला पात्यांवर बोट ठेवायला सांगितलं. मी भीत भीत ठेवलं. पाती कोमट होती. ऐंशीच्या पुढचा आकडा दाखवणाऱ्या प्रोसेसरवरची पाती, आणि बोट खुशाल ठेवता येत होतं.

"वर कोमट आणि आत आग," चाचा म्हणाले. "पाती पोळली असती तर दोष वाऱ्याचा. पाती कोमट आहेत, म्हणजे आग वर येतच नाही. भाकरी तव्याला टेकत नाही तिथं कच्ची राहते की नाही? हे भांडं नीट टेकलेलं नाही."

तो पात्यांचा जुडगा चार कोपऱ्यांच्या चार प्लास्टिकच्या खुंट्यांनी बोर्डात बसवलेला असतो. आम्ही बोर्डाच्या मागच्या बाजूने टॉर्च मारला. तीन खुंट्यांची काळी टोकं पूर्ण बाहेर आली होती. चौथीचं टोक अर्धवटच होतं. त्या कोपऱ्यात जुडगा केसभर उचललेला होता. खुंट्या बाणाच्या दिशेने फिरवून सोडवल्या, जुडगा जरा पिळून वर घेतला. खाली जी पांढरी पेस्ट असते ती सुकून खडूसारखी झाली होती, आणि एका बाजूला तर ती कधी चिकटलीच नव्हती.

ही पेस्ट कशासाठी असते ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. धातूचे दोन पृष्ठभाग आपल्याला कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक खड्डे असतात, आणि त्या खड्ड्यांत हवा अडकते. उष्णता वाहून नेण्याची हवेची क्षमता मोजमापात सुमारे ०.०२६ आहे, अ‍ॅल्युमिनियमची दोनशेच्या वर. म्हणजे हवेचा कागदाएवढा थरही उष्णतेच्या वाटेत भिंत होऊन बसतो. ही हवा हाकलणं एवढंच पेस्टचं काम. ती स्वतः धातूइतकी चांगली वाहक नाही, म्हणून ती जाड झाली तर तीच अडथळा होते.

हे मला पुढे पुस्तकांतून कळलं. चाचांनी मात्र ते त्या दिवशी कल्हईतून सांगितलं. "अब्बा भांडं आधी वाळूनं घासायचे. एक डाग राहिला तर तिथं कथील धरत नाही. मग भांडं तापवायचं, नवसागर मारायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं कथील पुसून घ्यायचं. नवीन पोरगा जाड थर लावायचा. अब्बा त्याच्या हातावर मारायचे. जाड लावली म्हणजे चांगली लागली, असं नाही. भांडं चमकेल एवढीच पाहिजे."

कथील २३२ अंशांवर वितळतं. प्रोसेसरची पेस्ट वितळवावी लागत नाही. पण हात तोच लागतो. स्वच्छ पुसायचं, थोडं घ्यायचं, सगळीकडे सारखं पोचेल असं बसवायचं. औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणून कापसाने दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे केले. पेस्ट गावात नव्हती. कोणीतरी टूथपेस्ट लावायला सुचवलं. चाचांनी ऐकलं नाही. "त्यात पाणी आहे. आठ दिवसांत सुकेल, मग पुन्हा तेच." हैदराबादला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर निरोप दिला आणि सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून पेस्टची बारीक नळी आली. तोवर चार दिवस मशीन बंद. त्या चार दिवसांत मला पेटी फेकून द्यावीशी वाटली नाही. आजार कळला होता.

तुरीच्या दाण्याएवढा ठिपका मधोमध ठेवला. जुडगा सरळ खाली बसवला. समोरासमोरच्या दोन खुंट्या आधी दाबल्या, मग उरलेल्या दोन. प्रत्येकीचा टक् असा आवाज ऐकला. मागून टॉर्च मारून चारही टोकं मोजली. चालू केलं. खोली ४१, आकडा ६०. तासाभराने ६२. दोन तासांनीही ६२.

त्या रात्री मी दीडशे पत्रिका छापल्या. वहीत त्या तारखेपुढे मिनिटं लिहिलेली नाहीत. फक्त एक शब्द आहे: चालू.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. वाचताना एक गोष्ट मनाला लागली. माझं मशीन आधी मंद व्हायचं ते बिघाड म्हणून नव्हे. प्रोसेसरच्या आत तापमान मोजणारी व्यवस्था असते. ठरावीक मर्यादा ओलांडली की तो आपला वेग स्वतःच कमी करतो, म्हणजे उष्णता कमी निघेल. तेवढ्यानेही भागलं नाही तर जळून जाण्याआधी स्वतःला बंद करतो. पडद्यावर दमाने उमटणारं ते अक्षर म्हणजे मला दिलेली सूचना होती. महिनाभर मी तिच्यावर चिडत होते.

आणखी एक गोष्ट समजली. हा प्रश्न माझ्या पत्र्याच्या खोलीपुरता नव्हता. २००४ साली जगातले सर्वांत वेगवान घरगुती प्रोसेसर नखाएवढ्या जागेतून शंभर वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकत होते. वेग आणखी वाढवायचा तर उष्णता काढायची कुठून, हे कोडं सुटेना. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने आपल्या पुढच्या, याहून वेगवान प्रोसेसरचं काम थांबवलं आणि एकाच चिपवर दोन गाभे बसवण्याकडे मोर्चा वळवला. २००६ साली आलेले त्यांचे नवे प्रोसेसर ६५ वॅटमध्ये जुन्यांपेक्षा जास्त काम करत होते. एवढ्या मोठ्या कारखान्यालाही उष्णतेपुढे थांबून, मोजून, वाट बदलावी लागली. "घाई नक्को" याचा अर्थ मला तेव्हा पुरता कळला.

चाचांनी पैसे घेतले नाहीत. मी पाकीट पुढे केलं तर म्हणाले, "संगणक तू उघडलास. मी फक्त बसलो होतो." आई ऐकेना, तेव्हा त्यांनी एक काम सांगितलं. त्यांचे डोळे कमजोर झाले होते. सुट्या भागांवरचे बारीक आकडे त्यांना दिसत नसत. रविवारी दुकानात येऊन ते आकडे वाचून द्यायचे, एवढंच.

मला वाटलं, चला, असं तरी फिटेल. जवळजवळ चार वर्षं मी रविवारी जात राहिले. आकडा वाचून झाला की ते विचारायचे, "आता सांग, हा भाग इथं का लावला असेल?" कुठला कपॅसिटर फुगला आहे, कुठला भाग पोळतो आहे, कुठला पोळायलाच हवा, हे मी त्या टपरीत शिकले. फेडायला गेले आणि देणं वाढत गेलं. २०१३ च्या पावसाळ्यात ते गेले. शेवटच्या दिवसांत त्यांनी आपला कथलाचा डाग देण्याचा सोल्डरिंग आयर्न माझ्याकडे पाठवून दिला. त्याची मूठ त्यांच्या हाताने गुळगुळीत झाली आहे.

आपल्याकडे माणूस तीन ऋणं घेऊन जन्मतो असं मानतात: देवांचं, पितरांचं आणि ऋषींचं. त्यातलं ऋषिऋण दक्षिणा देऊन फिटत नाही. शिकून आणि शिकलेलं पुढे शिकवूनच ते फिटतं. चाचांनी माझ्या रविवारांचा जो उपयोग केला, त्याचा अर्थ मला इथे सापडतो. त्यांना आकडे वाचून हवे होतेच. पण आपल्यामागे कोणीतरी झाकण उघडणारं राहावं, हीही त्यांची इच्छा असावी.

आज माझं संतपुरात झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे. बाबा सहा वर्षांपूर्वी गेले. ते जाईपर्यंत घर या पेटीवर चाललं. आसपासच्या गावांतून तापणारे, बंद पडणारे संगणक माझ्याकडे येतात. सुटा भाग लागला तर त्याचे पैसे घेते. धूळ काढण्याचे आणि पेस्ट लावण्याचे घेत नाही. अट एकच असते: झाकण त्या घरातल्या मुलाने किंवा मुलीने उघडायचं, आणि आधी आठ दिवस वही घालायची. पात्यांवर बोट ठेवून "कोमट आहेत" असं एखादी पोरगी म्हणते, तेव्हा पुढचं वाक्य मी सांगत नाही. तिलाच विचारते, "मग आग कुठं अडली?"

तुमच्या घरातला संगणक उन्हाळ्यात मंदावत असेल, अचानक बंद पडत असेल, तर नवा घेण्याआधी किंवा सगळं पुसून टाकण्याआधी एवढं करा. वेळ लिहा, खोलीचं तापमान लिहा. वायर काढून झाकण उघडा. पंख्याखालची धूळ बघा. थोडा वेळ चालवून, बंद करून, पात्यांना हात लावा. पाती पोळली तर वाऱ्याची वाट मोकळी करा. कोमट असतील तर चारही खुंट्या आणि पेस्ट तपासा. पेस्ट तुरीच्या दाण्याएवढीच घ्या. आणि हे करताना घरातल्या एखाद्या मुलाला शेजारी बसवा, स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात द्या.